बिनचामड्याचे बूट

बेळगाव, ता. ४ जुलै १९३७

ती. अण्णा यांस महावीरचा शिरसाष्टांग नमस्कार.

खोली मिळाली. जेवणाची सोय आपल्याच जैन बोर्डिंगात आहे, दिवस मावळायच्या आत ताट वाढतात, तेव्हा आईला म्हणावं काळजी करू नकोस. तिनं माझ्यासाठी एकाशन धरलंय ते मात्र मला रोज दोन्ही जेवणांना आठवतं. मी शिकून घरी येईपर्यंत ती दिवसातून एकदाच जेवणार, हा कसला हट्ट? तिची छाती आधीच कफानं भरून येते. वैनींना सांगून निदान दूध तरी घ्यायला लावा.

आता मुद्द्याचं लिहितो, रागावू नका. इथं शाळेत बास्केटबॉल म्हणून खेळ आहे. उंच खांबाला लोखंडी कडं, त्यात चेंडू टाकायचा. मास्तरांनी मला सहज उभं केलं आणि अण्णा, काय सांगू, आजवर मला कशातच कुणी शाबास म्हटलं नव्हतं, ते इथं म्हणाले. मी संघात आहे. पण यंदापासून बुटाशिवाय सामन्यात घेणार नाहीत, कारण गेल्या साली कंग्राळीच्या परशरामच्या अनवाणी बोटांवर कॅम्पातल्या एका सोल्जराची टाच पडली आणि दोन नखं गेली.

देवासमोर आईनं मला नियम दिलाय, चामडं अंगाला लावणार नाही. म्हणून मी बूट शोधला. इथल्या मिशनच्या डॉक्टरसाहेबांच्या मुलानं अमेरिकेहून आणलेला एक जुना बूट मला दिला. नवलाईची वस्तू आहे. वर सगळं जाड कापड, घोट्याच्याही वर चढतं. खाली रबर, त्याला शंकरपाळ्यासारख्या रेषा, म्हणजे पाय घसरत नाही. बोटांवर रबराची टोपी. आतल्या बाजूला वाऱ्यासाठी दोन बारीक भोकं. आणि घोट्याच्या हाडावर एक गोल टिकली शिवलेली, त्यावर चांदणी. ती शोभेची नाही, हाडाला मार बसू नये म्हणून आहे. पण मी पात्यानं बूट उसवून बघितला तर टाचेखाली चामड्याची पट्टी निघाली, आणि चिकटवलंय ते सरसानं असावं असं वाटतं. म्हणजे हा घालता येत नाही.

निपाणीत तसाच, पण शुद्ध, करून मिळेल का? उसवलेला बूट मोटारीनं पाठवतोय. आईला तुम्हीच विचारा. तिनं नाही म्हटलं तर मी खेळ सोडीन.

आपला आज्ञाधारक
महावीर

●

निपाणी, ता. १९ ऑक्टोबर १९३७

चि. महावीर यास जिनदत्तचे अनेक आशीर्वाद.

अरे शाण्या, शिकाय पाठवलं तर तू बुटाचं पोस्टमॉर्टेम करत बसलायस! वखारीत तंबाखूची बोदं सोडून मी तीन महिनं तुझ्या पायताणामागं हिंडतोय. नाकापरास मोती जड म्हणत्यात ते हेच.

पहिल्यांदा आईला इचारलं. तिनं तो उसवलेला बूट हात न लावता, सुपात घेऊन उजेडात बघितला. मग मला बसवून घेतलं आणि वकिलावाणी प्रश्न. कापड कशाचं? सुताचं. तळ कशाचा? रबर, झाडाचा चीक. चिकटवतात कशानं? मी म्हटलं सरस. ती म्हणाली, सरस म्हंजे हाडं-कातडीच उकळून केलेला, त्यो न्हाय चालायचा. दोरा? मी म्हटलं दोरा तर सुताचा. ती म्हणाली, आणि दोऱ्याला मेण कुठलं लावतोय मष्णू? मधमाशीचं! तेबी नको. हे ऐकून आपला मष्णू चांभार कपाळावर हात मारून म्हणाला, "मालक, चामडं न्हाय, सरस न्हाय, मेण न्हाय, मग मला कशाला बोलावलंय? शिंप्याला बोलवा की!"

पण पठ्ठ्यानं केला. कापड शहापुरातल्या मागावरनं दुहेरी विणून आणलं. तळाला मोटारीचा जुना टायर, त्याच्यावर तापल्या सळईनं रेषा. चिकटवाय सायकलवाल्याचं सोल्युशन. दोऱ्याला राळ आणि करडीचं तेल. पहिलं दोन जोड फाटलं, तिसरा टिकला.

टिकली मातूर मष्णूची न्हाय. आई म्हणाली, लेकराच्या हाडावर बसायची ती, मी करीन. तिच्या जुन्या लुगड्याचं पदर एकावर एक ठेवून वाकळंगत बारीक टाकं घातल्यात. चांदणी काढली न्हाय. म्हणाली, आभाळातलं पायात घालू नये. पांढरी टिकली बरी.

सगळं झाल्यावर तिनं बूट स्वतः हातात घेतलं, नाकाशी धरलं आणि म्हणाली, "लिव त्याला. माझी परवानगी हाय. खेळ म्हणावं, मन लावून खेळ." दिवसातनं एकदा जेवणारी बाई, पण त्या दिवशी तिच्या तोंडावर असं तेज आलतं की तुझी वैनी प्रेमला म्हणाली, आत्याबाई लगीनघरात असल्यावाणी दिसत्यात.

तर आता बूट घाल आणि आमचं नाव घालवू नको.

तुझा अण्णा

●

बेळगाव, ता. १२ डिसेंबर १९३७

ती. अण्णांस सा. नमस्कार.

बूट घातले त्या दिवशी सगळे हसले. "काय रे, आजीच्या गोधडीचे केलेस काय?" म्हणाले. आता कुणी हसत नाही. मुरुमावर ओल असली तरी मी थांबतो तिथं थांबतो, बाकीचे घसरत जातात. खानापूरच्या संघाचा एक दांडगा गडी सगळा भार घेऊन माझ्या पायावर आदळला. घोट्यावर बरोब्बर आईची टिकली होती, म्हणून पाय शाबूत आहे. त्या दिवशी खोलीवर येऊन मी टिकलीला हात लावून बसलो होतो.

आता परशरामला तसाच जोड पाहिजे. संघातल्या आणखी चौघांना पाहिजे. शहापुरातला एक दुकानदार मापं मागतोय, म्हणतो "निपाणी बूट" म्हणून विकीन. अमेरिकेच्या बुटात आणि ह्यात काय फरक, असं मास्तरांनी विचारलं, तर मी सगळी हकिकत सांगितली. सरस, मेण, सगळं. ते म्हणाले, तुझ्या आईला भेटलं पाहिजे एकदा.

चेंडूची निगा मास्तरांनी माझ्याकडे दिली आहे. दर शनिवारी पुसून, तेल लावून, शिवण आवळून ठेवायचा. विश्वासाचं काम आहे.

आई सामना बघायला यायचं म्हणते असं वैनींच्या पत्रात आहे. तसं काही करू नका. मोटारीची धूळ, तिची छाती, इथं मैदानावर सोल्जर लोक, शिट्ट्या, आरडाओरडा. तिला सोसायचं नाही. मी सुट्टीत येऊन सगळं सांगीनच. कृपा करून आणू नका.

आपला
महावीर

●

निपाणी, ता. १७ जानेवारी १९३८

चि. महावीर,

आणू नका म्हणे! सांगणारा तू कोण रं? तिला आता कोण अडवणार? लुगडं धुऊन घडी घालून ठेवलंय, डब्यात फुटाणं आणि खारका बांधल्यात, पाणी गाळायचा धडपा वेगळा. साऱ्या गल्लीत सांगत सुटलीय, माझ्या पोराचा खेळ बघाय चाललोय म्हणून. बाप गेल्यापासनं ही बाई मस्तवाड गावाच्या पुढं गेली न्हवती.

चेंडूला तेल काय लावतोस बाबा, तो काय गाडीचा आस हाय? का मास्तर तुझ्याकडनं फुकट राबवून घेतोय? बघतो आल्यावर.

येत्या रविवारी, तेवीस तारखेला, सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं येतो. तू खेळात लक्ष ठेव, आमच्याकडं बघू नको.

अण्णा

●

निपाणी, ता. २५ जानेवारी १९३८
(ड्रायव्हरकडून हातोहात)

महावीर,

तू तिकडच्या टोकाला होतास, तुला समदं दिसलं न्हाय. म्हणून लिहितो.

चेंडू रेघेबाहेर आला आणि घरंगळत थेट आईपाशी. ती हरखली. उठून पदर पसरून तिनं तो अडवला, दोन्ही हातांनी उचलला, आणि छातीशी धरून उभी राहिली. माझ्याकडं बघून म्हणाली, "किती जड हाय रं, बारक्या पोरासारखा." तेवढ्यात तो परशराम पळत आला. भला पोरगा. हसत म्हणाला, "द्या आज्जी. चामड्याचा हाय, जडच असतोय."

तिनं चेंडू त्याच्या हातात दिला. पदर अंगापासनं लांब धरून मोटार येईस्तोवर तशीच उभी. तू सामना जिंकून पाया पडाय आलास तवा तिनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला न्हाय, ते चामडं लागलेल्या हातामुळं. तुझ्यावर राग म्हणून न्हाय. तू गैरसमज करून घेशील म्हणून सांगतो.

घरी येऊन आंघोळ केली, मंदिरात गेली. अजून माझ्याशी धड बोललेली न्हाय. जेवणाकडं लक्ष न्हाय एवढंच तुला सांगतो, जास्त सांगायची मला मनाई हाय.

आता एक इचारतो. मंदिरातल्या उपाध्यांनी इचाराय लावलंय. का इचारत्यात ते तू इचारू नको, त्यांनी मला शपथ घातलीय की पोराला न शिकवता, न भिवडवता, त्याच्या मनचं उत्तर येऊ दे. चेंडू चामड्याचा हाय हे तुला आधीपासनं ठावं होतं का न्हवतं? एका शब्दात लिही. व्हय का न्हाय. देवाला स्मरून खरं लिही, महावीर. ड्रायव्हर उद्या परत येतोय, त्याच्याकडंच दे.

अण्णा

●

बेळगाव, ता. २६ जानेवारी १९३८

ती. अण्णांस सा. नमस्कार.

पत्र मिळालं. आईनं हात का ठेवला नाही हे मला आत्ता कळलं. दोन रात्री त्या विचारानं डोळा लागला नव्हता.

उत्तर: नाही. मला ठाऊक नव्हतं. वरनं रंग दिलेला असतो, आत रबराचा फुगा असतो. मला वाटलं सगळंच रबर. परशराम म्हणाला तेव्हाच मलाही कळलं. आईला हे मोठ्यानं वाचून दाखवा. तिच्या लेकानं जाणून नियम मोडला नाही, हे तिला ऐकवा म्हणजे तिचा जीव शांत होईल, ती जेवेल. मी तिला फसवीन का?

उद्या आम्ही हुबळीला सामन्यांना निघतोय, मंगळवारी परत. आलो की थेट निपाणीला येतो.

आपला
महावीर

●

निपाणी, ता. २९ जानेवारी १९३८

महावीर,

हुबळीचा पत्ता ठावं न्हाय म्हणून बोर्डिंगावर धाडतोय. मिळंल तसा निघ. अंगावरच्या कपड्यानिशी निघ.

अण्णा

●

बेळगाव, ता. १५ मार्च १९३८

ती. अण्णांस सा. नमस्कार.

तेराव्यानंतर इथं येऊन महिना झाला, तुमचं एक अक्षर नाही. घरी असतानाही तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं दुःखानं. वैनी तेवढ्या म्हणाल्या की आईनं आठ उपवासांचा नियम घेतला होता आणि सहावा पार पडला नाही. चेंडू हाताला लागला म्हणून एवढी शिक्षा? त्याला जाप पुरला असता, असं मला बोर्डिंगातल्या पंडितजींनी सांगितलं.

मी खेळत नाही. बूट परशरामला दिले, त्यानं घेतले नाहीत, म्हणाला तुझ्या आईचे टाके आहेत. शहापुरात मात्र आता दुकानाबाहेर दोरीला टांगलेले दिसतात. घोट्यावर पांढरी टिकली, चांदणी नाही. का नाही ते दुकानदाराला माहीत नाही. गिऱ्हाईक विचारतं तर म्हणतो, निपाणीची फॅशन आहे. मी त्या गल्लीनं जाणं सोडलंय.

दोन ओळी तरी लिहा.

महावीर

●

बेळगाव, ता. १० सप्टेंबर १९३८

ती. अण्णांस सा. नमस्कार.

दशलक्षण पर्व संपलं. आज इथं बोर्डिंगात सगळे एकमेकांच्या पाया पडून क्षमा मागताहेत. जाणता-अजाणता चुकलं असेल ते पोटात घाला, म्हणताहेत. छापील कार्डं वाटली. मी कार्ड घेतलं नाही, कारण मला त्यातला एकच शब्द वापरायचाय.

अण्णा, मी जाणून केलं. पहिल्या दिवशी चेंडू हातात घेतला तेव्हाच कळलं होतं. वास लपत नाही. मनाची समजूत घातली की आईनं विचारलं ते बुटाचं, नियम पायाचा. रोज खेळून आलो की हात राखेनं घासायचो, जणू त्यानं फिटतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं लिहिलं, तेही बसून, खाडाखोड करून. पण ते तिच्यासाठी लिहिलं हो. वाटलं, लेक नेणता होता एवढं कळलं तर ती सुटेल. खरं कळलं तर ती मरेल.

आता ती नाही. माझ्या खोटेपणाचं ओझं तिनं नेलं नाही, तिला बरं वाटलं असेल, एवढ्या एका गोष्टीवर मी आठ महिने काढले. तुमच्याजवळ क्षमा मागतो. आईच्या वतीनं तुम्हीच द्या.

महावीर

●

निपाणी, ता. १४ सप्टेंबर १९३८

महावीर,

हे पत्र लिहू नको म्हणून प्रेमला पाया पडली. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या म्हणाली. पण तू "तिला बरं वाटलं असंल" असं लिहिलंयस, आणि ते मी चारदा वाचलं. मी देव न्हाय. एकट्यानं मला हे सोसवंना.

चेंडू हाताला लागला त्याचे ते उपवास न्हवते. त्याला जापच सांगितला होता उपाध्यांनी. मोटारीतनं उतरल्यापासनं तिनं एकच धरलं होतं. "सरस इचारला, मेण इचारलं, दोरा इचारला. चेंडू कशाचा हे मी इचारलं न्हाय. परवानगी मी दिली. पोराच्या हातनं सहा महिनं जे घडलं ते माझ्या आंधळेपणानं. भोग माझा." आणि आठ उपवास मागितलं, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. त्या छातीवर, त्या एका जेवणाच्या अंगावर. उपाध्ये म्हातारं, शाणं माणूस. तिला घरी आणून सोडली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जिनदत्त, पोराला इचार. त्याला ठावं नसंल तर तिचं म्हणणं खरं, मी अडवू शकत न्हाय. पण त्याला ठावं असंल आणि त्यानं लपवलं असंल तर चूक त्याची, प्रायश्चित्त त्यानंच कराय पायजे. दुसऱ्याच्या जाणत्या पापाचं प्रायश्चित्त आईलाबी घेता येत न्हाय. मग मी तिला हुकूम करीन आणि त्याच दिवशी पारणं करवीन."

म्हणून इचारलं रं तुला. एक "व्हय" पायजे होता. तेवढा आला असता तर ती रडली असती, तुला शिव्या घातल्या असत्या, वरीसभर तोंड बघितलं नसतं तुझं. पण पेज प्याली असती. प्रेमलानं पेज करून चुलीवर झाकून ठेवली होती, ड्रायव्हर येईस्तोवर.

तुझं पत्र आलं. ती भिंतीला टेकून बसली होती. मी वाचून दाखवलं. "मला ठाऊक नव्हतं" इथं आल्यावर ती हसली. खरंच हसली, बोळकं उघडून. म्हणाली, "बघ, मी म्हटलं न्हवतं? माझं पोरगं खोटं बोलायचं न्हाय. मग चूक माझीच." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा तांब्या तिनं परत पाठवला. म्हणाली, पोर इतकं निर्मळ निघालं, तर आईनं पाण्याची तरी सवलत कशाला घ्यायची? उपाध्यांनी हात जोडलं, प्रेमलानं पाय धरलं. ऐकती व्हय ती?

आता माझं ऐक. कुणाला बोललो न्हाय, प्रेमलालाबी न्हाय. पत्र हातात घेतलं तवाच मला कळलं होतं तू खोटं लिहिलंयस. ज्या पोरानं पात्यानं बूट उसवून त्यातली पट्टी शोधली, त्याला रोज हातात घ्यायचा चेंडू कळत न्हाय? शेंबडं पोरबी सांगंल. माझ्या तोंडात आलतं, "आई, हे खोटं हाय, ऊठ, पेज पी." पण ती माझ्याकडं अशी बघत होती, पोराचं कौतुक ऐकाय बसल्यासारखी. मला वाटलं आज नको. उद्या सांगू. एवढा एक दिवस तिला हसू दे. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी सोडलं आणि दुपारलाच तिला ग्लानी आली. सांगितलेलं ऐकाय ती शुद्धीवर आलीच न्हाय.

आठ महिनं मी तुला मनातल्या मनात खुनी म्हणत होतो. आज तुझं पत्र आलं आणि तेवढंबी सुख गेलं. तू लांबनं, न कळता लिहिलंस. मी जवळ बसून, कळून वाचलं.

गल्लीत सगळी क्षमा मागून गेली. दारात लोक येत्यात, हात जोडत्यात, मी जोडतो. तुला क्षमा केली म्हणून लिहायची रीत हाय, ती लिहाय बसलो तर लेखणी उचलत न्हाय. तू निदान मला तरी मागितलीस. मी कुणाला मागू रं?

जिनदत्त